कलशातलं पाणी आणि रत्नाताईचा टॅबलेट

रत्नमाला गणवीर ही बाई शांत स्वभावाची आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. आवाज खालचा, चालणं सावकाश, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून लोकांनी तिला शांत ठरवून टाकलं. मी तिच्यासोबत एकाच शाळेत, समोरासमोरच्या वर्गांत इतकी वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, डूख धरून बसणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि तिनं धरून ठेवलं ते बरंच केलं, हेही आताच सांगून टाकते. माझ्याकडून न्यायाधीशासारखं दोन्ही बाजूंचं ऐकायची अपेक्षा ठेवू नका. मी कामिनी, सहावीचा वर्ग, आणि मी एकाच बाजूची आहे.

आमची शाळा भंडारा जिल्ह्यात, करडीच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण शाळा एकच आहे आणि मुख्याध्यापकही एकच होते. सातवीपर्यंतचे वर्ग, मागे तलाव, तलावाच्या पाळीखालून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात त्या पार दिसेनाशा होईपर्यंत. रत्नाताई याच गावची. तिचे वडील गुलाबभाऊ आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आणि कापणी करत आले. त्यांची पोरगी डी.एड. करून गावच्याच शाळेत मॅडम होऊन आली, तेव्हा ते आठवडाभर शाळेसमोरून मुद्दाम जात होते. आत मात्र कधी यायचे नाहीत. फाटकापाशी थांबून खिडकीतून तिचा आवाज ऐकायचे आणि निघून जायचे.

मुख्याध्यापक भोजराज साठवणे. यांना मी आजही सर म्हणते, कारण आमच्या नोकरीत मनातल्या मनात शिव्या द्यायच्या तरी पदनामानंच द्याव्या लागतात. माणूस कामाचा नव्हता असं नाही. शाळेला कुंपण त्यांनीच करून आणलं, नळ त्यांनीच आणला, गावातून वर्गणी काढून शाळेचा पहिला लॅपटॉप आणि प्रोजेक्टरही त्यांनीच आणला. गळा गोड, भजनाला बसले की माणसं उठत नसत. एकच खोट होती. स्वतःची चूक त्यांना आयुष्यात कधी दिसली नाही. काहीही बिघडलं की ते आधी इकडेतिकडे बघायचे, की जवळ कोण उभं आहे.

तो लॅपटॉप शाळेत आला त्याच वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शाळेत पाटीपूजन असतं. पोरं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणतात, गावातल्या बाया येतात, प्रसाद होतो. रत्नाताई बौद्ध घरातली. पूजेला ती कधी बसत नसे आणि कधी आडही येत नसे. त्या वेळात ती प्रसादाच्या पत्रावळी मांडायची. त्या वर्षी सरांच्या मनात आलं की नव्या जमान्याची पाटी म्हणून लॅपटॉपची पूजा करायची. त्यांनी तो उघडून, चालू करून, पडद्यावर देवीचा फोटो लावून पाटावर ठेवला. मग हळद, कुंकू, अक्षता, आणि कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं शिंपडणं. एकदा नाही, मंत्र संपेपर्यंत. ताम्हण माझ्याच हातात होतं. बटणांच्या फटींत पाणी उतरताना मी पाहिलं आणि म्हटलंसुद्धा, "सर, आत जाऊन राहिलं." सर मंत्र थांबवून म्हणाले, "मॅडम, पूजेत बोलू नये."

दसऱ्यानंतर शाळा उघडली. रत्नाताईचा पाचवीचा वर्ग पहिला होता. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, बटण दाबलं, जळका वास आला आणि सगळं काळं झालं.

तुमसरच्या दुरुस्तीवाल्यानं खोलून सांगितलं की आत पाणी गेलं आहे, कामातून गेला. झालं. वर्गणीतून आणलेली वस्तू, गाव पेटलं. शाळा समितीची बैठक बसली. तेव्हा समितीच्या अध्यक्ष शकुनबाई होत्या. भोजराज सर उभे राहिले आणि त्या गोड गळ्यानं म्हणाले, "मी कोणाचं नाव घेत नाही. पन गणवीर मॅडमची पाण्याची बाटली टेबलावर असते, हे सगळ्यायनं पाहिलं आहे."

मी उठले. मला राग आला की मी उठतेच. मी सांगितलं की बाटली वगैरे काही नव्हती, सरांनी पूजेत कलशाचं पाणी शिंपडलं, ताम्हण माझ्या हातात होतं. सर माझ्याकडे बघून इतके समजूतदार हसले की त्या हसण्यासाठी मी त्यांना अजूनही माफ केलेलं नाही. म्हणाले, "देवीच्या पाण्यानं मशीन बिघडते काय? मंग गावातले ट्रॅक्टर कसे चालून राहिले? मोटरपंप कसे चालून राहिले? दर दसऱ्याले पानी शिंपडतो न आपन?"

सगळ्या माना हलल्या. खरंच होतं ते, गावात ट्रॅक्टरला कलशाचं पाणी पडतं आणि ट्रॅक्टर चालतो. मागून एक बाई म्हणाली की ज्यांनी पूजेत हात नाही जोडले त्यांच्याच हातून बिघडलं, याचाही विचार करा. माझी जीभ पुन्हा वळवळली, पण शेजारी बसलेल्या रत्नाताईनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

आणि तेवढ्यात दारातून गुलाबभाऊ आत आले. गावात कळलं होतं की पोरीवर बैठक बसली आहे. ते शाळेत पहिल्यांदाच आत येत होते. पायातली चप्पल त्यांनी बाहेर काढली होती. समितीसमोर उभे राहून हात जोडून म्हणाले, "पोरगी चुकली असन जी. माफ करा. तिची नोकरी जाऊ नका देऊ."

भोजराज सर त्यांना म्हणाले, "जाऊ द्या गुलाब, या बारीनं सोडून देतो."

रत्नाताईनं तेव्हा बापाकडे पाहिलं नाही आणि सरांकडेही पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती आणि तिच्या हातातला माझा पदर तिनं अजून सोडलेला नव्हता. त्याच्या कडेची शिवण उसवली, इतका तिनं तो आवळला होता. बैठकीनंतर मी तणतणत म्हटलं, आपण वर तक्रार करू, करडीच्या बाजारात उभं राहून बोंब मारू. ती म्हणाली, "माह्या बापाले माह्यावर भरोसा नाही असं नाही, कामिनी. त्यानं जिंदगीभर मोठ्या आवाजाचंच खरं मानलं, म्हणून त्याले वाटलं की पोरगी चुकलीच असन. हे मी सोडत नाही. ज्या तोंडानं बाटली म्हनलं, त्याच तोंडानं, गावापुढं, कलश म्हनायले लावतो. मले घाई नाही."

तिला घाई नव्हती हे खरंच. पण त्या वर्षांत तिनं काय सोसलं ते मी पाहिलं आहे. गावातली पोट्टी तिला पाठीमागे 'लॅपटॉप फोडी मॅडम' म्हणायची. पानठेल्यावर कुणी गुलाबभाऊंना विचारायचं, "काय गा, आज पोरीनं काय बिघडवलं?" आणि ते उगाच हसायचे. शाळेत कोणतीही नवी वस्तू आली, साधा पंखा आला, तरी सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "गणवीर मॅडम, तुम्ही जरा दूरच राहा बरं." मग हसायचे. करून सवरून नामानिराळा आणि वर विनोदी, असं ते पात्र.

कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा रत्नाताई भंडाऱ्याला जाऊन स्वतःसाठी एक टॅबलेट घेऊन आली. दुकानात मी सोबत होते. दुकानदार पडदा, आवाज, कॅमेरा सगळं सांगत होता. तिनं एकच विचारलं, "पानी पडलं त?" त्यानं एक दणकट, रबरी कडेचा काढून दाखवला आणि म्हणाला, याच्यावर तांब्याभर ओता. ती म्हणाली, "ओता." त्यानं खरंच ओतलं. तिनं तोच घेतला. मला वाटलं, पोरांचे हात ओले असतात, पावसाळ्यात चिखलाची बोटं असतात, म्हणून विचारते आहे. तेही कारण होतंच.

आता तिच्या शिकवण्याबद्दल सांगते, कारण नुसती डूख धरून माणूस मोठा होत नाही. लॅपटॉप होता तेव्हा आमचं शिकवणं कसं होतं? वर्गात बटणांचा बोर्ड एकाच कोपऱ्यात, म्हणून टेबल त्या कोपऱ्यात, म्हणून मॅडमही त्या कोपऱ्यात. खिडक्यांना चटया लावून अंधार करायचा आणि पोरांनी सिनेमा पाहिल्यासारखं हाताची घडी घालून बघायचं. मागच्या रांगेत कोण झोपलं ते अंधारात कळायचं नाही. वीज गेली की धडा गेला. टॅबलेट तिनं घरून चार्ज करून आणायचा आणि हातात धरून रांगांतून फिरायचं. गावानं दिलेला टीव्ही भिंतीवर होता, त्यावर ती हातातलं तसंच्या तसं दाखवायची, मधे वायर नाही. जे पोरगं फळ्यापाशी यायला लाजायचं, त्याच्या मांडीवर टॅबलेट ठेवून हातात पेन द्यायची. त्यानं जागेवर बसून गणित सोडवलं की ते टीव्हीवर उमटायचं आणि त्याला कळायच्या आत ते पोरगं सगळ्या वर्गासमोर बरोबर ठरलेलं असायचं. अपूर्णांक शिकवायला ती वर्ग घेऊन तलावाच्या पाळीवर गेली, वरून बांध्यांचा फोटो काढला आणि पोरांना त्या फोटोवरच रेघा मारायला लावल्या. कोणाच्या शेताचा पाव हिस्सा रोवून झाला, कोणाचा अर्धा. पोरांना आपापल्या बापाच्या बांध्या ओळखू येत होत्या. हरभजन म्हणून एक पोरगा, चौथीपर्यंत ज्याला शून्य मिळायचं, त्यानं त्या दिवशी भांडून सांगितलं की आमचा तिसरा हिस्सा काकाकडे आहे, तो वेगळा काढा.

उणीवही सांगते. निकालपत्रकं करायला टॅबलेट कामाचा नाही, त्यावर टाइप करताना तिची बोटं आणि माझा जीव दोन्ही दमायचे. त्यासाठी आम्ही करडीला कॉम्प्युटरवाल्याकडे जायचो. पण वर्गात? वर्गात मला पुन्हा कुणी लॅपटॉप दिला तर मी कपाटात ठेवीन.

भोजराज सर आधी त्याला खेळणं म्हणायचे. "मॅडम मोबाईलवर शिकवून राहिल्या," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मग आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक रत्नाताईचा वर्ग पाहायला येऊ लागले, आणि खेळण्याचं नाव बदललं. आता तो 'आमच्या शाळेचा टॅबलेट उपक्रम' झाला. मग 'माझी संकल्पना' झाला. मागच्या वर्षी जिल्ह्यावरून कळलं की दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब लोक वर्ग पाहायला येणार, आणि चांगला वाटला तर मुख्याध्यापकांचं नाव पुरस्कारासाठी वर पाठवणार. सरांनी नवीन कोट शिवायला टाकला. निवृत्ती जवळ आली होती, जाता जाता शाल-श्रीफळ घेऊन जायचं होतं.

मी ते ऐकून संतापले. रत्नाताईला म्हटलं, तू त्या दिवशी सुट्टी टाक, करू दे त्याला संकल्पना. ती पहिल्यांदाच गालात हसली. म्हणाली, "सुट्टी कायले? मी त या वर्षी पूजेले बसतो."

पाटीपूजनाला सकाळपासूनच व्हरांडा भरला. पोरांच्या आया, म्हातारे, समितीचे लोक. शकुनबाई आता सरपंच झाल्या होत्या, त्या मधोमध बसल्या. रत्नाताई आली ती टॅबलेट हातात घेऊनच. तिनं तो पाटावर ठेवला. पडद्यावर पाचवीच्या पोरांनी काढलेली एकाच्या आकड्यांची सरस्वती होती. बायांमध्ये कुजबूज झाली. शकुनबाई खूश होऊन म्हणाल्या, "वा बाई! तुम्ही आनलं पूजेत, बहुत चांगलं केलं."

"सरांच्या हातानं होऊ द्या," रत्नाताई म्हणाली. "त्यायचीच संकल्पना आहे."

सर फुलले. कोट घालूनच पूजेला बसले. मंत्र सुरू झाले. पाट्यांवर हळदकुंकू, पाट्यांवर पाणी. शाळेच्या घंटेवर पाणी. नकाशांच्या गुंडाळीवर पाणी. मग टॅबलेटची पाळी आली. सरांनी कुंकवाचं बोट पडद्याला न लावता रबरी कडेला लावलं, फूल एक वीत दूर ठेवलं, अक्षता पाटाच्या काठावर टाकल्या आणि कलश उचलून पुढच्या पाटीकडे सरकवला. म्हणजे अक्कल आली होती. फक्त कबूल करायची राहिली होती.

"सर, पानी राहिलं," रत्नाताई म्हणाली.

"झालं, झालं," सर म्हणाले. "भाव महत्त्वाचा."

"नाही सर. पाटीवर शिंपडलं, घंटेवर शिंपडलं. माह्याच वस्तूवर काहून नाही?"

तिच्या वस्तूवर काहून नाही, याचा आमच्या गावात काय अर्थ होतो ते सगळ्यांना कळतं. सरांनाही कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "तसं नाही मॅडम, तसं नाही. मी कधी भेद केला काय?"

"मंग शिंपडा न गुरुजी," शकुनबाई म्हणाल्या. "बाई इतक्या प्रेमानं म्हनून राहिली."

सरांनी आंब्याचं पान कलशात बुडवलं, वर उचललं आणि हात तिथेच थांबला. दोन तासांत साहेब येणार होते. टॅबलेट बंद पडला तर वर्ग नाही, वर्ग नाही तर पुरस्कार नाही. पानावरचं पाणी त्यांच्या नव्या कोटाच्या बाहीवर ठिबकत होतं. मी ताम्हण धरून अगदी समोर होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहिलं की डोळे निवले.

"विजेची वस्तू आहे, शकुनबाई," ते म्हणाले. "आत पानी गेलं त—"

"त काय होते, सर?" रत्नाताईनं विचारलं.

"बिघडते."

"देवीच्या पान्यानं?"

तिनं आवाज चढवला नाही. उलट नेहमीपेक्षाही हळू बोलली, म्हणून मागच्या बायांनी माना पुढे केल्या. सर काहीतरी पुटपुटले. पण शकुनबाईंना आठवलं होतं. त्यांचं डोकं सावकाश चालतं, पण एकदा चाललं की मध्ये थांबत नाही.

"मास्तर, त्या साली तुम्हीच म्हनलं होतं. ट्रॅक्टर बिघडते काय, मोटरपंप बिघडते काय."

"ते वेगळं होतं. आता साहेब येऊन राहिले, हे कायले काढता?"

"मंग शिंपडा."

"नाही शिंपडत," सर एकदम ओरडले. "बिघडन म्हनलं न!"

"मंग आपला लॅपटॉप कोनाच्या पान्यानं बिघडला?" शकुनबाईंनी विचारलं.

इकडेतिकडे बघायची त्यांची सवय होती, तशी त्यांनी पाहिलं. जवळ मी उभी होते. मी ताम्हण जरा वर केलं. शेवटी ते खाली बघून म्हणाले, "कलशाचंच असन."

"असन नाही," रत्नाताई म्हणाली. "अन् बाटली?"

"बाटली नव्हती."

"जोरानं सांगा सर. मागं ऐकू नाही गेलं."

"बाटली नव्हती!"

मग तिनं जे केलं त्याची मलाही कल्पना नव्हती. तिनं कलश उचलला, आंब्याची पानं बाजूला ठेवली आणि सगळं पाणी टॅबलेटवर ओतलं. बाया किंचाळल्या. सर अर्धे उठले. तिनं पदरानं टॅबलेट पुसला, जवळच्या पोरीच्या हातात पेन दिलं, आणि दारातून दिसणाऱ्या आतल्या भिंतीवरच्या टीव्हीवर त्या सरस्वतीशेजारी पोरीचं नाव उमटलं, कामाक्षी, एकेक अक्षर करत.

"याच्यात जात नाही, सर," ती म्हणाली. "त्याच्यात गेलं होतं."

म्हणजे सरांनी मुकाट्यानं पाणी शिंपडलं असतं तर वाचले असते! टॅबलेटला काही झालं नसतं, साहेब आले असते, शाल मिळाली असती आणि बाटली जन्मभर रत्नाताईच्या नावावर राहिली असती. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हाचं त्यांचं तोंड मला कधी वाईट दिवस आला की मी आठवते. नंतर मी ताईला विचारलं, की त्यांनी शिंपडलं असतं तर गं? ती म्हणाली, "त पुढच्या दसऱ्याले काही दुसरं पाहिलं असतं."

दुपारी साहेब आले, वर्ग पाहिला, फोटो काढले. संकल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा शकुनबाईच म्हणाल्या, "गणवीर मॅडमची." सर मागे उभे होते. कोटाची बाही अजून ओली होती.

साहेब गेल्यावर सर ऑफिसात आले आणि रत्नाताईला म्हणाले, "मॅडम, झालं गेलं विसरा. मी माफी मागतो." तिनं वह्यांवरून मान वर केली नाही. "मले नका मागू. माह्या बापानं मागितली होती तुमची. त्यायले मागा."

ते गेले नसते. पण शकुनबाई फाटकात उभ्या होत्या आणि गावाची वर्गणी बुडाल्याचा राग त्यांच्या मनात नवा झाला होता. त्यांनी सरांना तसंच सोबत घेतलं. मी मागून गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण एवढं पाहायला मिळत असताना घरी जाऊन भाजी कोण निवडेल?

गुलाबभाऊ ओसरीवर खाटेवर बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही, गुडघे गेले आहेत. शकुनबाईंनी कोण आलं ते सांगितलं आणि सकाळी काय झालं तेही सांगितलं. सर उभ्यानंच म्हणाले, "गुलाबभाऊ, माझी चूक झाली. तुमची पोरगी नाही चुकली. माफ करा."

आम्हाला सगळ्यांना वाटलं की म्हातारा आता गहिवरेल, मोठा माणूस दारात आला म्हणून उठून उभा राहील. मला तर त्याचीच भीती वाटत होती. रत्नाताई आमच्या मागोमाग घरी येऊन दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावरही तीच भीती होती.

गुलाबभाऊ खाटेवरून उठले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही घरी आले, चांगलं झालं, गुरुजी. पन मी माफ नाही करत."

शकुनबाई म्हणाल्या, "भाऊ, असं नका करू. चालून आले न ते."

"येऊ द्या न," गुलाबभाऊ म्हणाले. "मी ह्यायचं ऐकून माह्या पोरीले तिच्या तोंडावर चुकली म्हनलं, शकुनबाई. ह्यायनं त एक डाव मले सोडून दिलं होतं. मले ते सोडता नाही येत. मी मेल्यावरच सुटन ते." मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. "रत्ने, गुरुजी आले. चहा ठेव."

सर म्हणाले, नको, मी निघतो. गुलाबभाऊ म्हणाले, "बसा. चहा घेऊनच जा." इतकी वर्षं याच गावात नोकरी केली, पण सर या मोहल्ल्यात कधी घोटभर पाणी प्यायले नव्हते. रत्नाताईच्या डब्यातलंही कधी काही घेतलं नव्हतं, रोज पोट भरलेलंच असायचं त्यांचं. शकुनबाईंनी स्वतः खुर्ची ओढून दिली. सर बसले.

आत चुलीपाशी रत्नाताई तोंडावर पदर धरून रडत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "ऐकलं काय वो, माझा बाप नाही म्हनला," आणि रडता रडता हसायला लागली. दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही, मीच भांडं उतरवलं.

चहा तिनं स्वतः नेऊन सरांच्या हातात दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला आणि सगळा प्यायला. कप खाली ठेवल्यावर गुलाबभाऊंनी आणखी घेता का म्हणून विचारलं नाही.